मामांना अडवलं त्या दिवशी

माझे मामा अमरावतीला राहतात. सरकारी बसवर कंडक्टर होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मामी म्हणते, या माणसानं सगळी नोकरी उभ्यानं केली, पण चालायचं म्हटलं की पाय दुखतात. दुधाची पिशवी आणायलासुद्धा त्यांना स्कूटर लागायची. त्यामुळे दिवाळीला सगळे जमलेले असताना ते जेव्हा म्हणाले, "मी नर्मदेची परिक्रमा करणार, तीही पायी," तेव्हा आम्ही सगळे मनमुराद हसलो. मामा हसले नाहीत. शांतपणे चकली खात बसले. तेव्हाच मामीला कळलं की हे जाणार.

आम्हा जबलपूरच्या मराठी लोकांना परिक्रमेचं अप्रूप नाही. कित्येक पिढ्यांपासून आम्ही इथे आहोत, आणि दर हिवाळ्यात पुण्याकडची, नाशिककडची मंडळी पाठीवर झोळी घेऊन ग्वारीघाटावर येतात ते बघत आलो आहोत. घाटावर कोणी मराठीत कण्हताना ऐकू आलं की समजायचं, टाचेला फोड आलेत. मग घरून वरण-भाताचा डबा आणि मलमाची ट्यूब नेऊन द्यायची. आमच्या घरी तर त्यासाठी वेगळा डबाच ठेवलेला असायचा.

ओंकारेश्वरहून निघायचं, नदी कायम उजव्या हाताला ठेवायची, समुद्रापर्यंत जाऊन दुसऱ्या काठानं उगमापर्यंत जायचं, तिथून वळसा घालून ओंकारेश्वरला परत यायचं, आणि काही झालं तरी वाहनात बसायचं नाही. सोबत एका बाटलीत नर्मदेचं पाणी ठेवायचं. पांढरे कपडे, हातात काठी. नदीकाठच्या कुठल्याही गावात हे कपडे दिसले आणि "नर्मदे हर" कानावर पडलं की तू कुठला, कोण, कुठल्या जातीचा असं कोणी विचारत नाही. आधी चहा येतो. मामा दिवाळीनंतर निघाले, आणि रोज संध्याकाळी साध्या फोनवरून मामीला फोन करायचे आणि त्या दिवशी कोणी काय खाऊ घातलं ते सांगायचे. मामी ते मला सांगायची. "अगं, परवा कोणाच्या तरी घरी यांनी पाच भाकरी खाल्ल्या. माझ्या हातच्या दोन जात नव्हत्या."

मामांची जुनी सवय म्हणजे खिशात लिमलेटच्या गोळ्या. बसवर असताना सुटे पैसे नसले की ते पोरांच्या हातावर गोळी ठेवायचे, आणि पोरं पैशांपेक्षा त्यावर खूष असायची. परिक्रमेतही झोळीत गोळ्यांची पिशवी होती. तशी ही रीतच आहे. वाटेवरची पोरं परिक्रमावासी दिसला की धावत येतात, "बाबाजी, टॉफी दो" म्हणून मागे लागतात.

संक्रांत जवळ आली होती. रविवार होता, शाळेला सुट्टी. मी सदर नावाच्या भागातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. नवरा त्याच्या बँकेच्या कामाने इटारसीला गेलेला. मी नेपियर टाउनच्या आमच्या घरी दुपारी तीळ निवडत बसले होते आणि मोबाइल बाजूला सारखा टुणटुणत होता. आमच्या मराठी मंडळाचा एक ग्रुप आहे. गणपतीसाठी काढलेला, पण वर्षभर चालतो. त्या दिवशी हळदीकुंकवाला वाण काय द्यायचं यावर चर्चा चालली होती, आणि मधूनमधून दुसराच एक मेसेज येत होता. तो आठवडाभर सगळीकडेच फिरत होता. साधूंच्या वेषात मुलं पळवणारी टोळी जिल्ह्यात आली आहे, गोळ्या देऊन बेशुद्ध करतात, मझौलीच्या बाजारातून दोन मुलं उचलली, सावध राहा. खाली हात जोडल्याची चित्रं.

मग एक व्हिडिओ आला. मंडळाच्या सचिवांनी टाकला होता. आम्ही त्यांना काका म्हणतो. सरकारी खात्यातून मोठ्या पदावरून निवृत्त झालेले, गणपतीत सगळ्या आरत्या खणखणीत आवाजात म्हणणारे गृहस्थ. वर लिहिलं होतं, 'पाटण रोडवर एक सापडला. सगळ्यांना पाठवा.'

व्हिडिओ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा असेल. गावातला रस्ता, धूळ, पाठमोरी माणसं. मध्ये दाढी वाढलेला एक पांढऱ्या कपड्यांतला माणूस. कोणीतरी त्याची झोळी ओढत होतं. कोणीतरी ओरडत होतं, "बच्चा चोर है, बांगलादेशी है, बोली सुनो इसकी." कॅमेरा हलला, आकाश दिसलं, आणि गोंगाटातून एक आवाज स्पष्ट ऐकू आला. "अहो, धक्का नका देऊ. मागं व्हा. मागं व्हा जरा."

तो आवाज मी लहानपणापासून ऐकला होता. गच्च भरलेल्या बसमध्ये वाट काढताना मामा याच सुरात बोलायचे. ना राग, ना विनवणी. चेहरा मी ओळखला नसता. दाढी होती, आणि ते फार वाळले होते. पण आवाज मामांचाच होता.

खाली उत्तरं येऊन राहिली होती. 'चांगलं केलं.' 'पोलिसांकडे देऊ नका, तिथेच हिशोब करा.' ज्या बाईनं हे लिहिलं तिच्याकडून मी मागच्याच महिन्यात पुरणयंत्र मागून आणलं होतं.

 मी टाइप केलं, 'हे माझे मामा आहेत. परिक्रमेला निघालेत.' आणि पाठवून दिलं.

 मग एकामागून एक ओळी दिसेनाशा होऊ लागल्या. 'हा मेसेज डिलीट केला गेला आहे,' पुन्हा तेच, पुन्हा तेच. व्हिडिओही गेला. पण गावात जे चाललं होतं ते असं पुसता येणार नव्हतं.

मामांचा फोन बंद लागला. मामीला फोन करावा तर काय सांगू? केला नाही. पोलिसांचा नंबर लावला. पलीकडचा माणूस शांत होता. म्हणाला, "हाँ मैडम, खबर है. एक बाबा को लोगों ने रोक रखा है. गाड़ी निकल गई है." मी विचारलं, "वो ठीक हैं?" तो म्हणाला, "गाड़ी पहुँचेगी तब पता चलेगा."

मी पर्स घेऊन ऑटो शोधायला खाली उतरले तर फाटकाशी काकांची गाडी उभी होती. स्वेटर उलटा घातलेला. इतकी वर्षं ओळखते, पण त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी आतूनच दार उघडलं.

"चल, बस."

मी बसले.  शहर मागे पडलं आणि दोन्हीकडे वाटाण्याची शेतं लागली. मटारचा हंगाम होता. रस्त्याच्या कडेला पोती रचलेली, ट्रॅक्टर उभे. मोकळा रस्ता आला की काका गाडी जोरात पळवायचे आणि मग स्वतःच दचकून हळू करायचे.

"मला माझ्या साल्यानं पाठवला होता तो," ते शेवटी म्हणाले. "मी पूर्ण पाहिलाही नाही. पाहिला असता तर मराठी ऐकू आली असती ना मला."

मी मामांचा नंबर पुन्हा लावला. अजून बंदच.

"आपला माणूस आहे, परिक्रमावासी आहे, एवढं तर लोकांना कळायला पाहिजे होतं."

"आणि आपला नसता तर, काका?"

 काका स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून चालवत राहिले. मलाही तो प्रश्न विचारून बरं वाटलं असं नाही. माझ्या मनात सारखं एकच चाललं होतं, की आम्ही पोचेपर्यंत ते जिवंत असावेत.

गाव सापडायला अडचण आली नाही. रस्त्यावरच्या पहिल्याच पानटपरीवाल्यानं न विचारता हात दाखवला. आत एका गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची जीप उभी होती आणि पुढं माणसंच माणसं. मी गाडी थांबायच्या आधीच उतरले. मला वाटलं होतं आरडाओरडा असेल. पण तिथे विचित्र शांतता होती. लोक उभे होते, काही बसले होते, आणि सगळे एकाच दाराकडे पाहत होते.

दाराच्या उंबऱ्यावर एक बाई बसली होती. चाळिशीची असेल, अंगानं भरलेली, डोक्यावरून शाल घेतलेली. मांडीवर सूप होतं, बाजूला मटारच्या शेंगांचा ढीग, आणि ती शेंगा सोलत होती. जीपमधून उतरलेले ठाणेदार तिच्यासमोर उभे होते आणि ती त्यांनाही आत जाऊ देत नव्हती.

"पहले भीड़ हटाओ साहब, फिर भीतर जाना," ती म्हणाली.

मी कसंबसं गर्दीतून पुढं गेले. "मैं उनकी भांजी हूँ," एवढंच तोंडातून निघालं. तिनं मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. मग गुडघे जरा बाजूला घेतले.

"जा बेटा. भीतर हैं. चाय पी रहे हैं."

चहा पीत आहेत! ते शब्द ऐकले आणि मी चपला न काढताच आत धावले.

आत अंधार होता. खाटेवर मामा बसले होते. कुर्ता खांद्यापासून फाटलेला, ओठ सुजलेला, चष्म्याची एक काच गेलेली. हातात खरंच चहाचा ग्लास होता. त्यांच्याजवळ पाच-सहा वर्षांची एक मुलगी मुठीत काहीतरी घट्ट धरून बसली होती.

त्यांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "अगं, तू काहून आली? संक्रांतीचं सगळं टाकून?"

मी त्यांच्या पायाशी बसले आणि खूप रडले. ते माझ्या डोक्यावर थोपटत राहिले. "झालं, झालं. काही नाही झालं. थोडी गडबड झाली."

ती गडबड अशी झाली होती. दुपारी या गावाच्या कडेनं जाताना मामांनी पोरांना गोळ्या वाटल्या. बाकीची पोरं गोळ्या घेऊन पळाली, पण ही मुलगी त्यांच्या मागोमाग चालू लागली, कारण तिला तिच्या धाकट्या भावासाठी अजून एक हवी होती आणि मामा झोळीत हात घालून शोधत शोधतच चालले होते. शेताच्या बांधावरून कोणीतरी हे पाहिलं. पांढरा साधू, गोळी, मागे चाललेली मुलगी. आठवडाभर मोबाइलवर जे वाचलं होतं तेच डोळ्यांसमोर. तो ओरडला. मुलीचे वडील शेतात शेंगा तोडत होते. त्यांना कोणी सांगितलं, तेरी बिटिया को ले गया. ते धावत आले आणि त्यांनीच पहिली थप्पड मारली.

मग माणसं जमली. आधार कार्ड दाखवलं तर म्हणाले, नकली आहे. परिक्रमावासी असशील तर नर्मदेची आरती म्हणून दाखव, असं कोणीतरी म्हणालं. मामांना ती आरती येत होती. दोन महिने रोज म्हणत होते. पण त्या गोंगाटात एक शब्द आठवेना, आणि तोंडातून आपली घरची गणपतीची आरती निघाली, मराठीतली. ते ऐकून तर लोक जास्तच भडकले. ही कुठली भाषा? मग झोळीत बाटली सापडली. पाणी होतं, पण जरा गढूळ. वाटेत ठिकठिकाणी त्यात नर्मदेचं पाणी मिसळत जायचं असतं. "यही है बेहोशी की दवा," असा गलका झाला. कोणी तरी काठी उचलली.

त्या वेळी ही बाई आली. ती या मुलीची मोठी काकू. तिनं आल्या आल्या मुलीला कडेवर घेतलं, मुलगी हसतेय हे पाहिलं, आणि मामांचा दंड धरून त्यांना सरळ आपल्या घरात ओढलं. लोक मागे आले. ती दारात उभी राहिली. कोणीतरी बाटली नाचवत म्हणालं, "भौजी, इसमें दवा है." तिनं ती बाटली त्याच्या हातातून घेतली, बूच काढलं आणि सगळ्यांच्या समोर अर्धी पिऊन टाकली.

"लो," ती म्हणाली. "मैया का पानी है. अब बैठो और देखो, कब बेहोश होती हूँ."

आणि ती उंबऱ्यावर बसली, सूप मांडीवर घेतलं, शेंगा सोलायला लागली.

मी आले तेव्हा गर्दी गप्प उभी होती ती यासाठी. सगळे वाट पाहत होते की ही कधी पडते. ती पडत नव्हती. शेंगा मात्र सोलून होत होत्या. हळूहळू दोन-तीन बायका तिच्या शेजारी येऊन बसल्या, त्यांनीही शेंगा घेतल्या. काही पुरुष घड्याळाकडे बघून निघून गेले. पोलिस आले तोवर अर्धी गर्दी नुसती कुतूहलानं उभी होती. मामा हे सांगताना हसले, आणि हसताना ओठ दुखला म्हणून विव्हळले.

मी उंबऱ्यापाशी जाऊन तिला विचारलं, "दीदी, आपको डर नहीं लगा? पानी में सच में कुछ होता तो?"

 "लगा काहे नहीं? पर बिटिया की शकल देखी थी मैंने. जिसको कोई उठा के ले जा रहा हो, वो ऐसे हँसती है क्या?" आणि मग जरा वैतागून म्हणाली, "और मैया का पानी पहचानती हूँ मैं. चालीस साल से वही पी रही हूँ."

गर्दी मागं हटवून ठाणेदार आत आले. त्यांनी मामांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, आणि तक्रार लिहून घ्यायची तयारी केली. मला तक्रार हवी होती. मी ठाम होते. मुलीचे वडील दाराशी उभे होते. तरुण माणूस, मातीनं भरलेले हात, डोळे लाल. ते आत आले आणि मामांच्या पायाशी बसले. मग म्हणाले, "बाबाजी, हमसे बोला था कि ले गया. हम दौड़े आए. और कुछ सूझा नहीं."

मामांनी त्यांचे हात धरले. "मेरी बेटी होती तो मैं भी मारता," ते म्हणाले, आणि माझ्याकडे वळून मराठीत, "याच्याविरुद्ध नाही लिहायचं. घाबरला होता तो."

"आणि बाकीचे?" मी विचारलं. "काठी उचलली तो? तोही घाबरलेला होता का?"

 याचं उत्तर ठाणेदारांनी दिलं. काठी उचलणाऱ्याला आणि व्हिडिओ काढून पाठवणाऱ्याला त्यांनी बाहेर सगळ्यांसमोर उभं केलं आणि अशी काही हजेरी घेतली की पानटपरीपर्यंत ऐकू गेली असेल. नावं लिहून घेतली. मझौलीचं काय झालं तेही तिथेच कळलं, कारण ठाणेदारांनी लोकांसमोरच तिकडच्या ठाण्यात फोन लावला आणि स्पीकर चालू केला. एक मुलगा बाजारात पोत्यांनी भरलेल्या ट्रॉलीवर चढून झोपला होता, ट्रॉली सिहोऱ्याला गेली, मुलगा तिथे उठून रडायला लागला, संध्याकाळपर्यंत घरी पोचला. दुसरं मूल नव्हतंच. ते मेसेजमध्येच जन्मलं होतं. फोन संपल्यावर गर्दीत कोणीतरी खुदकन हसलं आणि मग एकदम बरेच जण हसले, मान खाली घालून. छातीवरचं ओझं उतरल्यासारखे.

काका तोवर कोपऱ्यात उभे होते. ते पुढं आले, मामांसमोर वाकले आणि म्हणाले, "मीही पाठवला तो व्हिडिओ. माझ्या हातानं." मामांना ते कोण हेही माहीत नव्हतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही गाडी घेऊन आलात ना हिच्यासोबत?" काका हो म्हणाले. "मग बसा," मामा म्हणाले, "चहा घ्या."

काकांनी मग मोबाइल काढला आणि मामा, ती मुलगी आणि तिची काकू यांना खाटेवर बसवून नवा व्हिडिओ केला. काकूनंच त्यात सगळं सांगितलं, तिच्या भाषेत, हात हलवत हलवत. काकांनी तो आमच्या ग्रुपवर टाकला, आपल्या साल्याला पाठवला, आणि साल्याला फोन करून कोणाकोणाला पाठवला होतास त्या प्रत्येकाला हा पाठव म्हणून दम दिला. खरं सांगायचं तर पहिला व्हिडिओ मला पुढं बरेच दिवस इकडून तिकडून येत राहिला. एकदा तर शाळेतल्या एका सहकाऱ्यानंच दाखवला. दुसरा मात्र आपणहून कोणी पाठवलेला मला कधी आला नाही. पण आमच्या ग्रुपवर तो सगळ्यांनी पाहिला, आणि पुरणयंत्रवाली बाई दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन माझ्याशेजारी निमूट तीळ निवडत बसली.

आता निघायचं होतं. मी म्हटलं, "चला मामा, गाडीत बसा. घरी जाऊ, डॉक्टरला दाखवू."

मामा काठी शोधत होते. "गाडीत कसा बसू? परिक्रमा मोडेल ना."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "मामा, तुम्हाला मारलं लोकांनी!"

"हो, पण पायाला नाही मारलं."

मी चिडले, रडले, मामीला फोन लावते म्हणून धमकावलं. काकाही समजावून राहिले. मामा फक्त मान हलवत राहिले. शेवटी ठाणेदारच वैतागून म्हणाले, "मैडम, इनको चलने दो. अगला आश्रम पास ही है. गाड़ी पीछे-पीछे ले आओ." मग माझ्याकडे बघत, आवाज खाली आणून, "मैं भी नर्मदा किनारे का हूँ. ये लोग नहीं मानते."

तेव्हा आम्ही असे निघालो. पुढं मामा, त्यांची झोळी खांद्यावर घेतलेले मुलीचे वडील, मागे मी, ती काकू आणि गावातली पाच-सात माणसं. त्यांच्या मागे काकांची गाडी, पहिल्या गिअरवर घुरघुरत. बाटली काकूनं गावच्या घाटावरून पुन्हा भरून आणली होती. अर्धी प्यायली म्हणून तिला फार वाईट वाटत होतं. मामा म्हणाले, "मैया को मैया ने पिया, हिसाब बराबर." कशाचा हिशोब बरोबर झाला ते मला कळलं नाही, पण ती हसली.

दुपार कलली होती. शेतांवरून थंड वारा येत होता. मी आयुष्यात इतकी हलकी कधी चालले नसेन. मध्येच कोणीतरी "नर्मदे हर" म्हणालं आणि सगळ्यांनी साथ दिली. मीही. काही तासांपूर्वी याच गावातून, याच लोकांच्या तोंडून मामांच्या जिवावर उठलेला आवाज निघाला होता, हे मला कळत होतं. तो विचार मी तेव्हा बाजूला ठेवला. मामा माझ्यापुढं चालत होते, त्यांचे पाय मला दिसत होते, आणि तेवढं मला पुरे होतं.

आश्रमात डॉक्टर येऊन गेले. हाड मोडलेलं नव्हतं. मामांनी रात्रीच्या जेवणाआधी स्वतःच मामीला फोन केला आणि "आज जरा उशीर झाला" एवढंच सांगितलं. बाकीचं मी दुसऱ्या दिवशी सांगितलं.  मामी म्हणाली, "मी येते."

काही दिवसांनी मामा ग्वारीघाटावर पोचले तेव्हा मामी आधीच येऊन बसली होती. मी डबा नेला होता. ओठाची सूज उतरली होती, चष्मा नवीन होता. मामी त्यांच्याभोवती एकदा फिरून आली, जणू काही कमी तर नाही ना पाहत होती. मग म्हणाली, "किती वाळलात हो."

मी म्हटलं, "मामा, आता तरी गोळ्या वाटणं बंद करा."

 "बंद नाही करत," ते म्हणाले. "पण आता आधी आईला विचारतो. आई नसली तर नाही देत." आणि गोळ्यांच्या पिशवीची गाठ आवळून ती झोळीत ठेवली. मला जाणवलं, की हे त्यांना सोपं गेलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले तेव्हा मामीही उठली. पायात तिच्या बाजारात जायच्या चपला. "पुढच्या मुक्कामापर्यंत येते मी," म्हणाली. "नंतर बस धरते. मला काही नियम नाही ना?" मामा म्हणाले, "तिकीट काढावं लागेल," आणि दोघंही हसायला लागले.

मी घाटावर उभी राहून त्यांना जाताना पाहिलं. मामी पदर खोचून भराभर चालत होती, मामांना तिच्याबरोबर राहायला धावावं लागत होतं. मग मी ऑटो करून घरी आले, शाळेला निरोप दिला की आज येत नाही, पडदे ओढले आणि उन्हं उतरेपर्यंत गाढ झोपले.